अमेरिकेची डीव्ही लॉटरी: अर्जाआधी कागद कसे जुळवायचे

आम्ही दोन भावंडं. वडील कुवेतला नोकरीला होते. दादाच्या वेळी आई पहिलटकरीण, म्हणून सातव्या महिन्यात माहेरी चिपळूणला आली आणि दादा तिथे जन्मला. माझ्या वेळी तिला यायला जमलं नाही, मी कुवेतच्या सरकारी इस्पितळात जन्मले. बाकी आमचं सगळं एकच: तेच आईवडील, तोच भारतीय पासपोर्ट, तीच शाळा. पण डीव्ही लॉटरीचा, म्हणजे सोडतीतून अमेरिकेत कायम राहायचा व्हिसा देणाऱ्या 'डायव्हर्सिटी व्हिसा' योजनेचा, अर्ज मला करता आला, दादाला येत नाही.

मी डीव्ही-२०२४ साठी, म्हणजे २०२४ सालच्या व्हिशांसाठी, २०२२च्या ऑक्टोबरात अर्ज केला, मे २०२३मध्ये नाव निघालं आणि २०२४च्या सुरुवातीला मुंबईत मुलाखत झाली. या काळात झोप उडवली ती कागदांनी. चार दाखल्यांवर माझं नाव चार तऱ्हांनी होतं. अर्ज भरायला अर्धा तास पुरतो, कागद जुळवायला मात्र महिने जातात. त्यामुळे आधी कागद आणि मग अर्ज, हा क्रम मी सगळ्यांना सांगते.

आधी आजची स्थिती. नोंदणी एरवी ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडते आणि महिनाभर चालते. २०२५च्या ऑक्टोबरात ती उघडली नाही आणि डिसेंबर २०२५मध्ये अमेरिकी सरकारने हा कार्यक्रम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी त्याच वर्षी अर्जाला १ डॉलर नोंदणी शुल्क लावणारा नियम आला होता आणि पासपोर्टचा तपशील सक्तीचा करण्याचा प्रस्तावही मांडला गेला होता. म्हणून कुणी आज 'तुमचा फॉर्म भरून देतो' म्हणालं, तर आधी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी खरंच चालू आहे का ते स्वतः बघा. कागद जुळवायला मात्र हीच वेळ चांगली आहे. हे कागद पुढे दुसऱ्या कुठल्याही व्हिसाला लागतातच.

१. पात्रता जन्मस्थळावरून ठरते, पासपोर्टवरून नाही

अमेरिकेच्या १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने ही योजना आणली. ज्या देशांतून मागच्या पाच वर्षांत ५०,०००हून जास्त लोक तिकडे कायमचे गेले, ते देश वगळले जातात. त्यात भारत आहे, पाकिस्तान आणि बांगलादेशही आहेत. नेपाळ, कुवेत, ओमान, अमिराती, बहरीन, सौदी, मॉरिशस आणि इस्रायल हे देश मी अर्ज केला तेव्हा पात्र होते. यादी दरवर्षी नव्याने निघते, त्यामुळे तुमच्या वर्षाची सूचनापत्रिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठी माणसाला यातून तीन वाटा निघतात. आखातात जन्मलेली, पण भारतीय पासपोर्ट असलेली मुलं, म्हणजे माझ्यासारखे. मॉरिशसची मराठी मंडळी आणि इस्रायलमध्ये जन्मलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. आणि ज्यांचा नवरा किंवा बायको पात्र देशात जन्मली आहे असे लोक. साताऱ्याच्या मुलाची बायको नेपाळमध्ये पोखऱ्यात जन्मलेली असेल, तर तिच्या जन्मदेशावर तो अर्ज करू शकतो. अट एवढीच की दोघांची नावं त्याच अर्जात हवीत, दोघांना व्हिसा मिळायला हवा आणि अमेरिकेत प्रवेशही एकत्रच व्हायला हवा.

आता दादाची गोष्ट, कारण कोकणातल्या घरांमध्ये ती फार आढळते. आईवडील आखातात राहत होते, पण बाळंतपण माहेरी झालं, तर मूल भारतात जन्मलेलंच धरतात. आईवडिलांच्या जन्मदेशाचा आधार घेण्याची एक सवलत आहे, पण आईवडीलही भारतातच जन्मलेले असतील तर तिचा काही उपयोग नाही. त्यांचा कुवेतचा रहिवास इथे मोजला जात नाही. उगाच आशा लावून घेऊ नका.

जाता जाता एक: तुम्ही आखातात जन्मला असाल आणि सध्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असाल, तर नोकरीच्या ग्रीन कार्डाच्या रांगेतही तुमचा देश जन्मावरूनच धरतात. भारताच्या लांबलचक रांगेत तुम्ही नसता. हे ठाऊक नसलेले लोक मला भेटले आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

२. शिक्षणाची अट

बारा वर्षांचं शालेय शिक्षण पूर्ण हवं. आपल्याकडे त्याचा अर्थ बारावी पास. नुसती दहावी पुरत नाही आणि आयटीआयचं प्रमाणपत्र बारावीच्या जागी धरू नका. बारावी नसेल तर दुसरी वाट कामाच्या अनुभवाची: गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं असं काम, ज्याला किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. कोणतं काम त्यात बसतं ते अमेरिकी श्रम खात्याच्या ओ-नेट यादीत बघता येतं. ही अट अर्जदाराला आहे, जोडीदाराला नाही. म्हणून नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर दोघांनी वेगवेगळे अर्ज करावेत आणि एकमेकांची नावं त्यात घालावीत. त्याला परवानगी आहे. एकाच माणसाने दोन अर्ज केले तर मात्र दोन्ही बाद.

३. नावांचा तक्ता करा

इथे थांबा आणि एक वही घ्या. डाव्या बाजूला सगळ्या कागदांची नावं: जन्मदाखला, पासपोर्ट, बारावीचं प्रमाणपत्र, पदवी, लग्नाचा दाखला, आधार, पॅन. समोर प्रत्येकावर असलेलं इंग्रजी नाव, अक्षर न् अक्षर, जसं छापलंय तसं. त्याशेजारी जन्मतारीख आणि जन्मस्थळ. घरातल्या प्रत्येकासाठी एक पान.

माझ्या पानावर हे निघालं. कुवेतच्या दाखल्यावर आडनावच नव्हतं. माझं नाव, वडिलांचं, मग आजोबांचं. अरबीत 'व' साठी जे अक्षर आहे त्याचं इंग्रजी करताना लिहिणाऱ्याने 'वैशाली'ची सुरुवात व्हीऐवजी डब्ल्यूने केली होती. बारावीच्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या पद्धतीप्रमाणे माहेरचं आडनाव आधी, मग मी, मग वडील. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव बरोबर, पण जन्मस्थळ 'चिपळूण', कारण प्रवेशाच्या दिवशी आजोबांनी गाव विचारलं असं समजून तेच सांगितलं आणि रजिस्टरला तेच लागलं.

यातलं प्रत्येक वेगळं प्रकरण आहे. सोडवण्याची रीतही वेगळी:

लग्नाने बदललेलं नाव ही अडचण नाही. लग्नाचा दाखला दोन्ही नावांना जोडतो. राजपत्रात नाव छापून आणायला धावू नका. ते लागतं स्पेलिंग किंवा नावच वेगळं असेल तर.

जन्मदाखल्यावर आडनाव नसेल तर आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र करा: अमुक दाखल्यावरची व्यक्ती आणि अमुक पासपोर्टवरची व्यक्ती एकच. स्टँप पेपरवर, नोटरीसमोर. पण नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका, त्याच काळातला एखादा सरकारी कागद जोडीला हवा. मला आईचा जुना पासपोर्ट सापडला. त्या वेळी लहान मुलांचं नाव आईच्या पासपोर्टवरच चढवत असत. तिच्या पासपोर्टच्या आतल्या पानावर शाईने लिहिलेलं माझं नाव, जन्मतारीख आणि त्याखाली आपल्या वकिलातीचा शिक्का होता. तुमचा जन्म परदेशात झाला असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद केली होती का, हेही आईवडिलांना विचारा. अनेकांच्या ट्रंकेत तो कागद असतो आणि तो कशाचा ते कुणाला आठवत नाही.

शाळेच्या दाखल्यावरचं चुकीचं जन्मस्थळ मी तसंच राहू दिलं. तो दाखला मुलाखतीत मागतच नाहीत. मात्र पासपोर्टवरच जन्मस्थळ भारत असेल आणि खरा जन्म बाहेरचा असेल, तर ते मूळ जन्मदाखल्याच्या आधारे अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. निवड झाल्यावर केलेली दुरुस्ती सोयीसाठी केल्यासारखी दिसते. आणि उलट बाजू: भारतात जन्मलेल्याने बाहेरचा दाखला 'जमवून' आणायच्या भानगडीत पडू नये. खोटेपणा उघड झाला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

आणखी एक आपल्याकडचा घोळ. काही भारतीय पासपोर्टांवर आडनावाची ओळ रिकामी असते आणि सगळं नाव दुसऱ्या ओळीत. तसं असेल तर पासपोर्ट नव्याने काढून आडनाव वेगळं करून घ्या. अर्जातल्या रकान्यांत मी आडनाव आडनावात, स्वतःचं नाव पहिल्या नावात आणि नवऱ्याचं मधल्या नावात भरलं. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही.

४. लग्न आणि मुलं: सर्वांत महागात पडणारी चूक

लग्न लागलं आहे, पण नोंदणी करायची राहिली आहे, म्हणून 'अविवाहित' लिहू नका. तुम्ही विवाहितच आहात. महाराष्ट्रात १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नंतरही नोंद करता येते. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, साक्षीदार आणि भटजींची सही हे तयार ठेवलं की काम होतं. हा दाखला आजच काढा.

एकवीस वर्षांखालचं प्रत्येक अविवाहित मूल अर्जात हवं. स्वतःचं, दत्तक, जोडीदाराच्या आधीच्या लग्नातलं, तुमच्याजवळ राहत नसलं तरी, बरोबर यायचं नसलं तरी. जोडीदारापासून वेगळे राहत असाल, पण कोर्टाचा हुकूम नसेल, तर जोडीदाराचंही नाव हवं. सूट फक्त एकच: जी व्यक्ती आधीच अमेरिकेची नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे ती.

मस्कतला जन्मलेल्या माझ्या एका शाळासोबत्याचं नाव निघालं होतं. त्याच्या बायकोची पहिल्या लग्नातली मुलगी आजीकडे पुण्यात राहते. 'ती कुठे येतेय' म्हणून त्याने तिचं नाव घातलं नाही. मुलाखतीत खरं सांगितलं आणि अख्ख्या कुटुंबाचा व्हिसा नाकारला गेला. तो आणि त्याची बायको त्या मुलीला आजही काही कळू देत नाहीत. अर्ज पाठवल्यानंतर झालेलं लग्न किंवा जन्मलेलं बाळ पुढे जोडता येतं. पाठवण्याच्या दिवशी जे कुटुंब होतं त्यातलं कुणी गाळलं, तर ते भरून काढता येत नाही.

५. फोटो

आपल्या स्टुडिओत 'पासपोर्ट फोटो' म्हटलं की ३५ बाय ४५ मिलिमीटरचा देतात. इथे चौकोनी हवा: ६०० बाय ६०० पिक्सेल, जेपीजी, २४० केबीपर्यंत. पार्श्वभूमी पांढरी किंवा पांढरट. चेहरा, हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत, फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के. चष्मा काढायचा. फोटो सहा महिन्यांतला हवा, मागच्या वर्षीचाच पुन्हा चढवू नका.

ठाण्यातल्या स्टुडिओत मी खुर्चीवरून उठेपर्यंत त्या पोराने संगणकावर माझा रंग दोन छटा उजळवला होता आणि गालावरचा तीळ पुसला होता. सवयीने, न विचारता. त्याला सांगा: फक्त कापायचं, बाकी हात लावायचा नाही. सुधारलेला फोटो चालत नाही. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा फोटो लागतो, तान्ह्या बाळाचाही.

६. अर्ज भरण्याची रात्र

अर्ज फक्त ऑनलाइन, सरकारी संकेतस्थळावर. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' असेल तरच पुढे जा. अर्ध्यावर जतन करता येत नाही, एक तासाची मुदत असते आणि पाठवल्यावर दुरुस्ती नाही. म्हणून आदल्या दिवशी सगळी उत्तरं कागदावर लिहून काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पासपोर्टांशी ताडून घ्या. माझ्या नवऱ्याने मुलाच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा झालेला पकडला. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो.

जन्माचं शहर विचारतात तिथे फक्त शहर, जिल्हा किंवा राज्य नको. जन्मदेशात जन्मदेशच. हात सवयीने 'इंडिया'कडे जातो, सांभाळा. शेवटच्या दिवशी मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी १२ला संपते, म्हणजे नोव्हेंबरात आपल्याकडे रात्री साडेदहाला. पण शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, संकेतस्थळ रेंगाळतं.

अर्ज गेल्यावर कन्फर्मेशन नंबराचं पान येतं. त्याचा फोटो काढा, छापून घ्या, ईमेल करून ठेवा. आणि ईमेल पत्ता तुमचाच द्या. माझ्या मामेबहिणीने एजंटाला १२,००० रुपये दिले. त्याने स्वतःचा ईमेल घातला, नंबर स्वतःकडे ठेवला आणि मे महिन्यात 'निकाल बघायचा तर अजून पंचवीस हजार' म्हणाला. जो अर्ज घरबसल्या भरता येतो, त्यासाठी.

७. निकाल

मेच्या सुरुवातीपासून त्याच संकेतस्थळावर कन्फर्मेशन नंबर टाकून बघायचं. निवड झाल्याचा ईमेल, पत्र किंवा फोन येत नाही. 'अभिनंदन, पैसे भरा' असं काही आलं तर ते खोटं. मे मध्ये नाव नसलं तरी पुढेही बघत राहा, निकाल वर्षभराहून जास्त काळ उघडा असतो.

नाव निघालं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. व्हिसे वर्षाला जेमतेम ५०-५५ हजार, आणि अलीकडच्या वर्षांत निवड होते सव्वा लाखाहून जास्त जणांची, कुटुंबं धरून. निवडीबरोबर मिळालेल्या तुमच्या केस नंबराची पाळी दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये कळते. ज्या वर्षासाठी निवड झाली ते वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. त्यानंतर व्हिसा मिळत नाही, कारण काहीही असो. म्हणून नोकरी सोडणं, घर विकणं, मुलांचं नाव शाळेतून काढणं यातलं काहीही व्हिसा हातात पडेपर्यंत करू नका.

८. डीएस-२६० आणि फाइल

निवड झाल्यावर प्रत्येकाचा डीएस-२६० अर्ज ऑनलाइन भरायचा. हा खरा मोठा फॉर्म. वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते, नोकऱ्या, आधीची नावं, पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती. वहीतला नावांचा तक्ता इथे पुन्हा कामी येतो: 'इतर नावं' या रकान्यात माहेरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग दोन्ही लिहा. चूक झाली तर केंटकी कॉन्सुलर सेंटरला (डीव्हीचं काम बघणाऱ्या अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या कार्यालयाला) ईमेल करून फॉर्म पुन्हा उघडून घेता येतो.

मुलाखतीच्या फाइलमध्ये, मूळ प्रती आणि प्रत्येकाची झेरॉक्स:

- सर्वांचे पासपोर्ट, पुरेशी मुदत असलेले
- सर्वांचे जन्मदाखले, आईवडील दोघांची नावं असलेले
- लग्नाचा दाखला. आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला
- अर्जदाराचं बारावीचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, पुढचं शिक्षण असेल तर तेही
- सोळा वर्षांवरील प्रत्येकाचं पोलीस क्लिअरन्स. भारतातलं पासपोर्ट सेवेतून मिळतं
- बँकेचे उतारे, नोकरीची पत्रं, अमेरिकेत कुणी आधार देणार असेल तर त्याचे कागद
- नाव जुळवणारे कागद: प्रतिज्ञापत्र, जुने पासपोर्ट
- निकालाचं पान, डीएस-२६०ची पोच, मुलाखतीचं पत्र, अमेरिकी मापाचे फोटो

पोलीस क्लिअरन्सचा नियम नीट वाचा. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलंही लागतं. मी तीन वर्षांची असताना कुवेत सुटलं, म्हणून माझी सुटका झाली. पण बारावीपर्यंत दुबईत राहून मग पुण्याला कॉलेजला आलेल्यांना ते मागवावं लागतं आणि त्याला वेळ जातो. निवड कळताच सुरुवात करा. मराठी किंवा अरबी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. त्याखाली भाषांतरकाराची सही आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं निवेदन हवं.

९. वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत

तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. लसींच्या जुन्या नोंदी घेऊन जा, नाहीतर गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या अशा लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. माझ्या वेळी दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची क्षयासाठी रक्त तपासणी होत होती. तिचा अहवाल यायला दिवस लागतात, म्हणून तपासणी मुलाखतीच्या अगदी आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

शुल्क माझ्या वेळी माणशी ३३० डॉलर होतं. ते मुलाखतीच्या दिवशी वकिलातीच्या खिडकीवरच भरायचं आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. त्याआधी व्हिसा शुल्क म्हणून कुणी काही मागितलं तर देऊ नका.

आमची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात झाली, दहा-बारा मिनिटांची. अधिकाऱ्याने माझा जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, दाखल्यावर आडनाव का नाही. मी प्रतिज्ञापत्र दिलं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, आणखी काही? मग मी आईचा पासपोर्ट काचेखालून सरकवला. त्याने माझ्या नावाचं पान बघितलं आणि पुढची पानं उलटत गेला. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर आई मला कडेवर घेऊन बसराहून बगदाद आणि तिथून अम्मानला पोहोचली होती, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. बॅगा वाटेत राहिल्या. पासपोर्ट आणि माझा जन्मदाखला तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधला होता. जॉर्डनच्या शिक्क्यावर त्याचं बोट थांबलं. 'तुम्ही यात होतात?' मी हो म्हटलं. त्याने पासपोर्ट बंद करून दोन्ही हातांनी परत दिला आणि मुलाकडे वळून त्याची इयत्ता विचारली.

व्हिसा मिळाल्यावर एकच गोष्ट लक्षात ठेवा: ज्याच्या नावावर निवड झाली त्याने बाकीच्यांच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर अमेरिकेत शिरायचं असतं, व्हिशाची तारीख संपायच्या आत. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.